घरातला दुसरा ड्रायव्हर

गेली वीस वर्षं मी आमच्या घरची ड्रायव्हर आहे. शाळेत बाई होते तेव्हाही होते, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी शाळेने शाल-श्रीफळ देऊन मोकळं केलं तरी या दुसऱ्या नोकरीतून मला कुणी मोकळं केलं नाही. आमचे हे गाडी शिकलेच नाहीत. शेवगावकडे त्यांची वडिलार्जित शेती, आठवड्यातले चार दिवस ते तिकडे, आणि तिकडे जायला एसटी आहे. "घरात एक ड्रायव्हर पुरे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. हल्ली तिळपापड व्हायलाही अंगात जोर लागतो, म्हणून मी ऐकून सोडून देते.

मी गाडी शिकले ती चाळिशीत, मुलीसाठी. ती पाच वर्षांची होती. तिला ऑटिझम आहे हे कळलं आणि आठवड्यातून तीनदा राहुरीहून नगरला थेरपीला न्यायचं ठरलं. एसटीत ती बसायची, पण कुणी धाडकन खिडकी सरकवली की कानांवर हात दाबून किंचाळायची. मग अख्खी बस मला मुलं कशी वाढवावीत ते सांगायची. त्या सल्ल्यांना कंटाळून मी एक जुनी गाडी घेतली. या अवस्थेला मराठीत स्वमग्नता म्हणतात. तो शब्द मला कधीच पटला नाही, पण शब्दांशी भांडायला तेव्हा वेळ नव्हता.

आता ती पंचवीस वर्षांची आहे. राहुरीपासून एकोणीस किलोमीटरवर, श्रीरामपूरच्या बाजूला, बियाणं तपासायच्या एका प्रयोगशाळेत काम करते. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, ठरलेल्या दिवशी कागद उघडायचा, आणि किती नीट उगवले, किती वाकडे उगवले, किती कुजले ते मोजून लिहायचं. दुसऱ्या कुणाला या कामाने डुलक्या येतील. तिला आवडतं. तिचे साहेब म्हणतात, तिने मोजलेलं परत मोजावं लागत नाही. ही नोकरी लागल्यापासून तिची झोप सुधारली, जेवण सुधारलं, आणि रविवारी ती सोमवारची वाट बघते. पण नोकरी टिकायची तर रोज नऊला तिथे पोचणं आलं. म्हणजे मी सकाळी सोडायचं, घरी यायचं, पाचच्या आधी परत जायचं, घेऊन यायचं. दिवसाचे शहात्तर किलोमीटर.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला एका यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली. समोर बारीक दिवे लुकलुकतात, दिवा दिसला की बटण दाबायचं. बराच वेळ काही दिसेना, तेव्हा मी आपली अंदाजाने बटण दाबत राहिले. जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडल्या आणि साठीला टेकल्यावर स्वतः कॉपी करत होते. डॉक्टर म्हणाले, "बाई, ही परीक्षा नाही. यात पास व्हायचं नसतं." काचबिंदू निघाला. समोरचं नीट दिसतं, कडेचं हळूहळू जातं, आणि गेलेलं परत येत नाही. थेंब घालून उरलंय तेवढं राखायचं. गाडी चालवत असाल तर बंद करा, असंही ते म्हणाले. मी मान हलवली, खाली आले आणि गाडी चालवत घरी गेले.

घरी सांगितलं की मोतीबिंदूची सुरुवात आहे, पिकला की काढू. खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून पोरीची नोकरी बंद झाली असती. थेंबांची बाटली मी मसाल्याच्या डब्यामागे ठेवायला लागले. रस्त्यात मान जास्त वळवायची, कडेला बघून घ्यायचं, वेग कमी ठेवायचा, असं स्वतःशी ठरवलं. एवढं केलं की भागतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. संध्याकाळी घरी पोचले की मानेपासून कंबरेपर्यंत सगळं दुखायचं. ह्यांना वाटायचं वय झालं.

त्याच सुमारास पोरीने गाडीत एक नवीन खोड काढली. माझ्या शेजारी बसून ती वाटेत दिसेल ते बोलायला लागली. डावीकडे सायकल. डावीकडे शेळी. डावीकडे बाई, डोक्यावर गवत. लहानपणी ती असंच दिसेल त्याचं नाव घेत बसायची. पंधरा वर्षं मागे आलो की काय, या विचाराने माझं डोकं फिरायचं. एकदा मी तिला फाडकन म्हणाले, "पुरे कर तुझी कॉमेंट्री. गप्प बस जरा." ती गप्प बसली. ती सांगितलेलं ऐकते. मला तेवढंच हवं होतं.

अशात दिवाळी आली. फराळाला बसलो होतो. चकली ती नेहमी बाहेरच्या वेढ्यापासून आत खात जाते. चकलीकडेच बघत म्हणाली, "मला गाडी शिकायची आहे." ह्यांनी हातातला चिवडा परत ताटलीत टाकला. मी मात्र मनात देवाला हात जोडले. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, ही म्हण मी शाळेत शेकडो वेळा फळ्यावर लिहिली असेल, पण अशी अंगाला येऊन चिकटलेली पहिल्यांदाच बघितली. हे म्हणाले, घरात एक ड्रायव्हर पुरे. मी म्हटलं, तो एक म्हातारा झालाय. का शिकायचंय, हे मी तिला विचारलं नाही. मला गरज होती, ते आयतं दारात आलं, मी पदरात पाडून घेतलं.

लर्निंग लायसनचा फॉर्म तिने स्वतः भरला. आमच्या घरातले सगळे फॉर्म तीच भरते, कारण ती एकटी ते वाचते. त्यात एक प्रश्न होता. गाडी चालवल्यामुळे लोकांना धोका होईल असा काही आजार किंवा अपंगत्व तुम्हाला आहे का? हो किंवा नाही. मी म्हटलं, नाही लिही आणि पुढे जा, सगळे तेच करतात. तिला तीन दिवस लागले. जेवताना, दाणे मोजून आल्यावर, केस विंचरताना, तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशी म्हणाली, याचं उत्तर तिला माहीत नाही, डॉक्टरांना माहीत असेल. म्हणून एका खुणेसाठी नगरची खेप झाली. तिला लहानपणापासून ओळखणारे डॉक्टर तिच्याशी तासभर एकटीशी बोलले आणि चिठ्ठी दिली की शिकायला हरकत नाही, घाई करू नका. मग तिने 'नाही'वर खूण केली, आणि कुणी मागितली नसताना चिठ्ठी जोडली. मी तेव्हा वैतागले होते. एवढा विचार करून आजवर कुणी तो फॉर्म भरला असेल असं मला वाटत नाही, आणि मी तर नक्कीच भरला नव्हता.

दोन क्लासवाल्यांनी ऑटिझम हा शब्द ऐकून घेतला, कळवतो म्हणाले आणि कळवलं नाही. तिसरे भेटले ते एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांनी तिला पहिल्याच दिवशी धडा दिला, "ताई, समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं. मंग बराबर कळतंय, त्यो थांबतोय का घुसतोय." मी मागच्या सीटवर होते. तोंडं वाचणं हीच एक गोष्ट तिला वीस वर्षांत जमली नव्हती. हसणारा मुलगा, रडणारा मुलगा, रागावलेला मुलगा, असे चित्रांचे पत्ते घेऊन आम्ही वर्षानुवर्षं बसलो होतो. तिने शेवटी पत्त्यांचे दुमडलेले कोपरे ओळखून उत्तरं द्यायला सुरुवात केली होती.

आठवड्याने हे गाडीचे मास्तर घरी चहाला आले. कप खाली ठेवून म्हणाले, "बाई, तुमची पोर तोंडाकडं बघतच न्हाई. समोरच्या गाडीच्या चाकाकडं बघती. इचारलं तर म्हन्ली, मानूस हसत हसत पन घुसतो, पन चाक वळल्याबिगर गाडी वळत न्हाई. एकतीस वर्सं एसटी चालवली मी. मला हे कुनी सांगितलं नव्हतं." मी त्यांना आणखी चहा ओतला.

क्लास संपला आणि पुढे एल लावून सकाळची खेप तिने चालवायची, मी शेजारी बसायचं, असं सुरू झालं. उसाचा हंगाम भरात होता. जे पुस्तकात लिहिलंय ते तिला पाठ होतं. अंतर राखणं, आरसे बघणं, वळायच्या आधी इंडिकेटर देणं, यात तिची चूक होत नसे. चुकायचे ते बाकीचे. रस्त्याच्या कामामुळे वाहतूक रोज नव्या जागी वळवलेली असे, म्हणून ती आदल्या संध्याकाळी तिन्ही पर्यायी वाटा कागदावर काढून ठेवायची. हॉर्नचा तिला त्रास व्हायचा. आणि आपल्याकडे हॉर्न वाजवायला कारण लागत नाही. एकदा मोठमोठे स्पीकर लावलेला उसाचा ट्रॅक्टर शेजारून गेला. तिने गाडी डांबरावरून खाली घेतली, हँडब्रेक ओढला, चारी इंडिकेटर लावले आणि मग कानांवर हात दाबून पुढे-मागे डोलत राहिली. मी दार उघडून तिच्या बाजूला गेले, सरक म्हणाले, मी घेते. तिने मान हलवली. दहा-बारा मिनिटांनी हात खाली घेतले, आरसा बघितला आणि निघाली. नऊला पाच मिनिटं होती तेव्हा आम्ही पोचलो.

जानेवारीतल्या एका सकाळची गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, रस्ता अरुंद, आमच्यामागे पाच-सहा गाड्यांची रांग. ट्रॅक्टरवाल्याने उजवा हात बाहेर काढून हलवला. आमच्या भागात याचा अर्थ एकच, समोर मोकळं आहे, काढ पुढे. त्या हातावर भरवसा ठेवून अख्खा जिल्हा ओव्हरटेक करतो. ती काढेना. मी म्हटलं, अगं तो हात दाखवतोय. ती म्हणाली, "माझी गाडी किती पळते ते त्याला माहीत नाही." मागून हॉर्नांचा नुसता कल्ला. तिचे खांदे कानांपर्यंत चढलेले, तरी वेग तेवढाच. मी उजवीकडे वाकून बघितलं, मला रस्ता लख्ख मोकळा दिसला. माझा तोल गेला. डॅशबोर्डवर हात आपटून मी ओरडले, "घे म्हणते ना!"

तिने घेतली नाही. पुढच्या क्षणाला उजवीकडच्या शेतरस्त्यावरून दुधाच्या किटल्या लावलेली एक मोटारसायकल आली आणि ट्रॅक्टरला घासून आमच्या बाजूने निघून गेली. मला ती दिसली तेव्हा ती अगदी समोर होती. स्टिअरिंगवर मी असते तर मी पुढे काढली असती, यात मला शंका नाही. "चार किटल्या," ती म्हणाली. मी म्हटलं, बरं केलंस. पुढचे पाच किलोमीटर आम्ही त्या ट्रॅक्टरमागे बैलगाडीच्या चालीने गेलो आणि मागच्यांच्या शिव्या मी गपगुमान ऐकल्या.

लायसनची परीक्षा श्रीरामपूरला झाली. मी मनात वीस मुद्दे जमवून गेले होते, आरटीओच्या साहेबांशी वाद घालायची तयारी करून. एकाचीही गरज पडली नाही. साहेबांनी डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, तिला गाडी पुढे-मागे घ्यायला लावली, आणि सहज विचारलं की गाडी कशासाठी शिकलात. ती म्हणाली, "घरात दुसरा ड्रायव्हर पाहिजे." वडिलांचं वाक्य उलटं करून बोलतेय असं वाटून मी बाहेर उभी राहून हसले. ती पास झाली.

इथे माझी गोष्ट संपायला हवी होती. पण लायसन हातात आलं म्हणून मी किल्ली दिली नाही. सकाळी ती चालवायची, मी शेजारी. तिला सोडून गाडी मी परत आणायची, आणि संध्याकाळी तर मीच. संध्याकाळी वर्दळ फार, असं मी सांगायचे. खरं म्हणजे दिवस कलताना मला सगळ्यात कमी दिसायचं. मग का? वीस वर्षं ज्या कामाचा मी वैताग केला, ते काम हातातून जाईल म्हणून मी घाबरले होते. तिला एकटीला त्या रस्त्यावर सोडायची भीती होतीच. पण तिला माझी गरज उरणार नाही, ही भीती त्याहून मोठी होती, आणि तिची मला लाज वाटायची.

मे महिन्यात माझं लायसन संपत होतं. माझ्या वयात नवं करायचं तर डॉक्टरचा दाखला लागतो. आमच्या गल्लीतला डॉक्टर माझा विद्यार्थी. त्याने बाई म्हणून पायाला हात लावला, चहा मागवला आणि सही करताना म्हणाला, "तुमचे डोळे काय तपासायचे? मागच्या बाकावरची चिठ्ठी दिसायची तुम्हाला." मी हसले. त्याच्या आदराचा असा उपयोग करताना मला काहीच वाटलं नाही, एवढी मी निर्ढावले होते.

रविवारी दुपारी पोरगी कॉम्प्युटरवर माझा फॉर्म भरायला बसली. मी शेंगा सोलत होते. नाव, पत्ता, रक्तगट झालं. मग तिने तोच प्रश्न वाचून दाखवला.

"नाही लिही," मी म्हटलं.

ती काही लिहीना.

"डॉक्टरचा दाखला आहे ना, अगं."

"त्याने डोळे तपासले नाहीत. त्याने चहा मागवला." ती पडद्याकडेच बघत होती. "दिवाळीच्या आधी सहा वेळा तुला उजवीकडचं दिसलं नाही. दिवाळीनंतर अकरा. कारखान्याच्या वळणावरचा हातगाडीवाला दोनदा."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मी विचारलं, मग तेव्हाच सांगितलं का नाहीस.

"डावीकडचं सांगत होते. तू गप्प बस म्हणालीस. उजवीकडचं मला तुझ्याआडून नीट दिसत नव्हतं, ते ड्रायव्हरच्या जागेवरून दिसतं. म्हणून मी दिवाळीत सांगितलं, मला गाडी शिकायची आहे."

तिच्या आवाजात राग नव्हता. दाण्यांचा निकाल सांगावा तसं तिने सांगितलं. मी मात्र पदर तोंडाला लावून रडले, खोटं कशाला बोलू. ती रडणाऱ्या माणसाजवळ येत नाही, तिला ते सहन होत नाही. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि मसाल्याच्या डब्यामागची थेंबांची बाटली आणून माझ्यासमोर ठेवली. चार वाजताचे थेंब घालायचे राहिले होते.

मी थेंब घातले. मग म्हणाले, फॉर्म बंद कर. संध्याकाळी ह्यांना शेवगावला फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, तुला मी दिसतो का नीट. समोर असलात की दिसता, मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सवयीने मी तिच्याबरोबर निघालेच. ती चालवत होती. रस्त्याला नेहमीचीच गर्दी होती. वाटेतलं देवळाली गाव मागे पडल्यावर मला वाटलं आपणही काही उपयोगी पडावं. मी म्हणाले, "डावीकडे शेळी."

"ते पोतं आहे," ती म्हणाली.

प्रयोगशाळेच्या फाटकापाशी तिने गाडी सावलीत लावली. मी उतरून, फेरी मारून, ड्रायव्हरच्या दाराशी गेले आणि किल्लीसाठी हात पुढे केला. तिने दार लावलं, ओढून बघितलं आणि किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली.

"राहुरीची एसटी सव्वानऊला आहे," ती म्हणाली. "डाव्या बाजूला ऊन येतं. उजवीकडे बस."

ती आत गेली. एसटी आली, मला उजवीकडची खिडकी मिळाली. पुढे कुणीतरी धाडकन काच सरकवली, तेवढं ऐकलेलं आठवतं. राहुरी आली तेव्हा मला कंडक्टरने हलवून उठवलं.